खुंट

कोरिएन्तेसच्या दलदलीकडे चाबूकस्वाराचं घर
लांबूनच ओळखू येतं :
अंगणाच्या मधोमध खुंट, केब्राचोच्या लाकडाचा,
दोरांच्या काचानं खाचलेला.
फ्लोरियान ओहेदाकडे तो नव्हता.
चाबूकही नव्हता, म्हणजे होता,
पण त्यानं रेमिहिया कोंबड्या हाकायची.

माझा बाप तिथं नाल ठोकायला जायचा,
मी पेटी घेऊन मागं.
नऊ वर्षांचा होतो, विचारलंच एकदा :
तुम्ही बांधत कसे नाही?
बापानं माझ्या पायावर पाय दिला.
ओहेदा म्हणाला, बांधलं की तो थांबतो.
थांबणं म्हणजे ऐकणं नव्हे.
आणि येर्बाच्या पेल्यात गार पाणी ओतून
बापाच्या आधी मला दिला.

कुंपणाला पाठ लावून बसायचा तो,
नव्या शिंगराकडे न बघता, दिवसच्या दिवस.
गुआरानीत काहीबाही पुटपुटत,
कधी चक्क घोरत.
चौथ्या-पाचव्या दिवशी शिंगरू यायचं,
त्याची टोपी हुंगायचं.
तरी तो डोळे उघडायचा नाही.

डाव्या पायाला दोन बोटं नव्हती.
रिकिबीत बूट सैल पडू नये
म्हणून पुढं चिंधी कोंबायचा.
बेटांवर राहिली, म्हणायचा,
छत्री विसरून आल्यासारखं.
माल्विनासच्या लढाईला धाडला तेव्हा एकोणिसाचा,
बर्फ पाहिलेला तो फक्त मासळीबाजारात.

बाकीचं त्याच्या मयताला कळलं.
नदीपलीकडून, चाकोहून, एकजण आला,
टक्कल पडलेला, हातात प्लॅस्टिकची पिशवी.
म्हणाला, मेंढी आम्ही दोघांनी चोरली होती.
चार दिवस पोटात काही नव्हतं.
यानं एकट्यानं कबूल केलं.
आमच्याच लेफ्टनंटनं याला उताणा पाडला,
हातपाय चार खुंट्यांना...
इथं त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
ओलं बर्फ पडत होतं, म्हणाला.
सकाळपर्यंत.

बापानं टोपी घातली. पुन्हा काढली.
रेमिहियाला ठाऊक होतं की नाही
ते तिच्या तोंडावरून कळेना.
ती म्हणाली, बसा, जेवून जा,
शेवटची बस सातला आहे.

आता पेटी माझी आहे.
लोक म्हणतात, आधी बांध घोडीला,
लाथ घालेल.
घालते कधी कधी.