अपुरी बाही

आमच्या गावाला दोन पाणी.
एका अंगाला बाल्टिक समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी,
मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, पाइनची झाडं
आणि माझ्या बापाचं धुरावल्या माशांचं दुकान.
माझ्या केसांना बारमाही धुराचा वास.
वर्गात मुली नाकाला रुमाल लावत, लावू देत.
वाईट वाटलं ते एर्द्वीलासनं खिडकी उघडली तेव्हा.
नंतर कळलं, पंख वाळवायला उघडली होती.

त्याची गोष्ट गावाला तोंडपाठ:
सावत्र आई, शाप, सहा भावांचे सहा हंस,
आणि मिल्दा, त्यांची बहीण,
जिनं सहा वर्षं तोंडातून शब्द न काढता
खाजकुइलीचे सहा सदरे विणले.
सहाव्याची डावी बाही तेवढी राहिली.
म्हणून त्याला उजवीकडे हात
आणि डावीकडे पंख.

गोष्ट इथं संपते, लोक इथंच उठतात.
पुढचं मला विचारा.

पुढे असं, की बसमध्ये त्याला दोन जागा लागतात.
दारातून तिरकं व्हावं लागतं.
गणिताच्या सरांना वाटतं, तो सारखा हात वर करतोय.
आणि पावसाळी कोट मिळत नाही.
तो मी केला, आईच्या यंत्रावर.
काखेपासून कमरेपर्यंत उसवला, हुक लावले.
माप घेताना बोटं पिसांखाली गेली माझी.
आत ऊब, नुकत्या मोडलेल्या पावाच्या पोटात असते तशी.
"गार आहेत हात तुझे," तो म्हणाला.
"माशांमुळे," मी म्हणालो.
दुसरं काही सुचेना.

जूनमधल्या सर्वांत छोट्या रात्री टेकडीवर शेकोट्या पेटतात.
पोरंपोरी नेच्याचं फूल शोधायला जंगलात जातात.
नेच्याला फूल येत नाही, हे जीवशास्त्राच्या पुस्तकात आहे,
तरी जातात, जोडीजोडीनं.
आम्ही दोघं शेकोटीपाशीच बसलो होतो,
मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर राखून.

शेवटच्या बोटीनं मिल्दा आली.
बोटांवर अजून फोडांचे पांढरे डाग.
तिनं पिशवीतून बाही काढली.
"चार वर्षं लागली. या वेळी बोलत बोलत विणली,
लागू पडेल की नाही, ठाऊक नाही."
हसली. मग रडली.

एर्द्वीलास माझ्याकडे बघत राहिला.
आणि मी, ज्याला कुणी शाप दिला नव्हता,
ज्याच्या गप्प बसण्यानं कुणाचा जीव वाचणार नव्हता,
मी मूग गिळून बसलेला.
दोन वर्षं असाच,
आणि एक सदरासुद्धा विणून झाला नव्हता.

"घाल," म्हणणार होतो. दोन हात असते
तर सोपं गेलं असतं त्याला सगळं.
तोंडातून भलतंच निघालं:
"मला तू असाच हवा आहेस.
म्हणजे, बाही घातलीस तरी हवा आहेस.
म्हणजे, कोट मी पुन्हा शिवून देईन."

शेकोटीतलं एक लाकूड फुटलं.
मिल्दानं नाक पुसलं.
"मी लाकडं घेऊन येते," म्हणाली
आणि पायाशी पडलेली लाकडांची रास ओलांडून
अंधारात गेली.

बाही शेवटी मी घातली. बघू म्हणून.
कोपरापर्यंत पोचेतो हाताची आग आग,
रात्रभर खाजवत बसलो.
तो हसत होता. त्याचं हसणं पंखातही उतरतं,
टोकाची पिसं थरथरतात, हे मला आधी माहीत नव्हतं.
पहाटे खाडीवरून वारा सुटला
तेव्हा न विचारता त्यानं पंख उघडला
आणि माझ्यावर टाकला.

घरी गेलो तर बाप मासे टांगत होता.
माझ्या केसातलं पीस काढून त्यानं उजेडात धरलं,
बराच वेळ.
मग धुराच्या खोलीबाहेर, जिथं धूर लागणार नाही
अशा खिळ्याला अडकवलं.
"आज वाम मिळालीय," म्हणाला.
"मोठी आहे. त्यालाही बोलाव."