नमुना क्रमांक एक्केचाळीस

शनिवारी, माटुंग्याच्या प्रयोगशाळेत
मी पट्टी ब्लेडने कापली,
दोन्ही तोंडं एकमेकांना टेकवली
आणि दिवा घालवून घरी गेले.

बाबा साकीनाक्याला गास्केटं काढायचे,
गरम प्रेसवर, तेवीस वर्षं.
गंधकाचा वास त्यांच्या बनियनला अजून आहे.
म्हणायचे, रबर एकदा शिजलं की शिजलं.
चुकला माल पुन्हा वितळत नाही,
पोत्यात भरायचा, भंगारवाल्याला द्यायचा.

माझ्या रबरात गंधक नाही.
कच्च्या गाठी आहेत नुसत्या,
ताणलं की सुटतात,
सोडलं की बसतात पुन्हा,
जुन्याच जोडीदाराशी असं नाही,
शेजारी जो सापडेल त्याच्याशी.

सोमवारी धुमाळे अण्णांनी पट्टी यंत्राला लावली.
दुप्पट.
चौपट.
साडेसहा पट, आणि तुटली.
कापलं होतं तिथे नाही.
बोटभर वर.

"फेल ना, मॅडम?" अण्णांनी विचारलं.
मी तुकडे पाकिटात ठेवले, वर तारीख घातली,
मग घरी फोन लावला.

"किती मिनिटं शिजवलंस?" बाबा म्हणाले.
शिजवलंच नाही, म्हटलं.
नुसतं ठेवलं होतं. शेजारी शेजारी.

बराच वेळ पलीकडे
फक्त पंख्याचा आवाज.