चाकातला माणूस

खाली लोक माना वर करून बघतात.
दगडी फासळ्या दोन्ही बाजूंनी चढत जातात,
शेंड्याला एकमेकींना टेकतात,
आणि बघणाऱ्याचा आवाज आपोआप उतरतो.

मी त्या छताच्या वर काम करते.
इथून कॅथीड्रल दिसतच नाही.
नुसते उंचवटे, चुन्याचे लपके, खडीची भर,
भरतकामाची उलटी बाजू असते तशी:
गाठी, सुटलेले दोरे, घाईचे टाके.
पारव्यांची घाण. ओकच्या तुळया,
त्यांवर सुतारांनी पाडलेल्या रेघा, एक, दोन, तीन,
अक्षर येत नव्हतं म्हणून.

आणि एक चाक.
तीन पुरुष उंच, आतून पोकळ, आत फळ्या.
बांधून झाल्यावर ते उतरवायचं कसं, कुणाला सुचेना.
छप्पर त्याच्यावरूनच घातलं.

आत माणूस चालायचा.
तो चालला की दोर गुंडाळायचा,
दोर गुंडाळला की दगड चढायचा.
वीस पावलं: दोन हात.
दोर जायचा ते भोक अजून आहे,
त्यातून खालची फरशी दिसते, नाण्याएवढी,
दुपारी दोनला निळी.

खर्चाची वही कातड्याची, अर्धी पाण्यानं गेलेली.
तीत तो सापडतो:
नवा दोर, एक. आसाला डुकराची चरबी.
ओदों, आंधळा, चाकातला, आठवड्याचे दहा दनिए.
खिळे.

आंधळाच लागायचा.
डोळसाचं लक्ष भोकाकडे जातं
आणि पाय थिजतात.

काचांवर पाववाले आहेत, टोपल्यांसकट,
खाटीक आहेत, कातडी कमावणारे आहेत;
पैसे दिले, कोपऱ्यात स्वतःला काढून घेतलं.
बिशप तीनदा आहे.
पन्हाळीतून पाणी ओकणाऱ्या राक्षसालासुद्धा
म्हणे इथल्याच कुणा सावकाराचं नाक आहे.
ओदों कुठेच नाही.

एकदा जेवणाच्या सुट्टीत,
पाठीला तुळई, मांडीवर पाव आणि चीज,
मी हिशेब मांडला:
अकरा वर्षं, सण सोडून, गोठलेले महिने सोडून.
इतक्या पावलांत माणूस रोमला जाऊन आला असता,
पाच-सहा वेळा तरी.
हा गेला नाही कुठे. दगड गेले.

वहीत नाही ते माझ्या पदरचं:
काचकाराचा पोरगा, पेरीन, त्याला पाणी आणून द्यायचा.
ओदोंनं एकदा विचारलं, निळं म्हणजे कसं असतं रे?
पोरगा जिने उतरून गेला, परत चढून आला,
रात्रभर दवात पडलेला एक तुकडा घेऊन.
ठेवला त्याच्या तळहातावर.
ओदोंनं मूठ मिटली. किती गार, म्हणाला.
आणि लाल?
पोरगा त्याच्या मुठीकडे बघत राहिला.
ते आत्ताच आलंय तुमच्या हातात, म्हणाला,
आणि फडकं शोधायला पळाला.

या वर्षी लाकडाची तपासणी माझ्याकडे आहे.
फळ्या झिजल्यात, मधोमध नाही,
डावीकडे जास्त. लंगडत असणार.
सातवी तर पळीसारखी खोल झालीय.
बूट काढून मी तिच्यात पाऊल ठेवलं.
बसलं नाही. त्याचं लहान होतं.

छापील कागदावर एक रकाना आहे: बदलावयाचे भाग.
ओकची नवी फळी खाली तयार आहे, रंधा मारलेली.
मी लिहिलं:
सात नंबर, झीज जुनी. हात लावू नये.