पलीकडचं तिकीट

सव्वीस वर्षं मी भाऊच्या धक्क्यावर
लाँचची तिकिटं फाडते.
मोरा, रेवस. रेवस, मोरा.
तिसरं गाव माझ्या खिडकीला माहीत नाही.
आणि या दोन्हींपैकी एकाही ठिकाणी मी गेलेली नाही
हे सांगितलं की माणसं हसतात,
सुट्टे पैसे मोजायचे विसरतात,
मग मीच मोजून देते.

माझं स्टूल एका पायाने आखूड आहे.
त्याखाली जुनं तिकीटबुक दुमडून सारलंय,
माझ्या पहिल्या वर्षाचं.
नवा झाडूवाला आला की कचरा समजून ते उचलतो
आणि मी दिवसभर डुलत राहते,
जणू लाँचवरच आहे.

दौलत सारंग रोज खिडकीशी वाकतो:
"बाय, चल एकदा. तासाभराचं तर पाणी.
फुकट नेतो, वर माझ्याशेजारी बसवतो."
मी म्हणते, उद्या.
त्याच्या मिश्या पांढऱ्या झाल्या माझ्या उद्यावर.

इथून पलीकडचे डोंगर दिसतात, निळे.
थंडीत जास्त निळे, मे महिन्यात मुळीच नाहीत.
येणाऱ्यांना विचारते, काय आहे हो तिथे?
कुणी म्हणतं, पांढरा कांदा.
कुणी म्हणतं, दिराने जमीन लाटली, आणखी काय.
एक लहान मुलगी म्हणाली,
तिथून तुम्ही निळे दिसता.

मस्कतहून कुमुद फोन करते,
आमची पूर्वीची दुसऱ्या पाळीची.
"इथला समुद्र बघ अगं, तळ दिसतो तळ!
आणि तुझं अजून तेच ते, तेच ते."
तो शब्द दाढेत सुपारीसारखा अडकला.

म्हणून मागच्या गुरुवारी गेले.
खिडकीवर सोनवण्यांच्या पोराला बसवलं,
स्वतःचं तिकीट स्वतः फाडलं, पैसे गल्ल्यात टाकले,
फळी ओलांडली.
बाक अजून कुणाच्या तरी बसण्याने कोमट होता.
डिझेलचा वास, टोपलीतल्या मांदेलीचा वास.
दौलत वरून ओरडला, आज सूर्य कुठे उगवला गं!
खलाशाने दोराचा पहिला वेढा सोडला.

तेव्हा मी माझी खिडकी पाहिली.
बाहेरून. समुद्राच्या बाजूने.
केवढीशी ती! हिरव्या रंगाचे पोपडे,
आत पोरगं बावरलेलं, रांग लांबत चाललेली,
आणि तो म्हातारा काचेवर नाणं वाजवतोय
ज्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही,
ज्याला मी न विचारता मोऱ्याचं देते.
पोरगं त्याला रेवसचं देत होतं.

उतरले.
भीती वाटली असती तर बसून राहिले असते,
भीतीला चिडवायची मला जुनी खोड आहे.
दौलत काही बोलला नाही.
भोंगा मात्र एकदा जास्त वाजवला.

शिवडीच्या चिखलात दर हिवाळ्यात रोहित येतात,
कुठल्या कुठून, शेकडो कोसांवरून,
आणि त्याच गाळात तीच मान खुपसतात.
त्यांना बघायला लोक दुर्बिणी घेऊन जातात.
तेच ते, असं त्यांना कुणी म्हणत नाही.

म्हाताऱ्याचं तिकीट बदलून दिलं.
त्याने मान हलवली, नेहमीइतकीच.
जास्त हलवली असती तर मला अवघडलं असतं.
मुनावरचा चहा आला, बशीत सांडलेला,
जितका सांडायला हवा तितकाच.
पोराला म्हटलं, ऊठ बाबा.
स्टूलाखाली पायाने चाचपलं,
पुस्तक होतं जागेवर.

रेवसचं ते तिकीट पर्समध्ये आहे.
मागे बारीक अक्षरांत छापलंय, पैसे परत मिळणार नाहीत.
इतकी वर्षं फाडली, कधी उलटून वाचलं नव्हतं.

कुमुदचा फोन आला की सांगेन,
जाऊन आले गं.
कुठे, विचारलं तर म्हणेन,
खिडकीपर्यंत.