दुसऱ्याचा नंबर

पोहायचा पोशाख पणजीहून आणलेला, काळा.
तो सलवार-कमीजच्या आत घालून म्हापशाहून निघाले
आणि वाळपई येईपर्यंत
त्याचं इलॅस्टिक कुणाला ऐकू तर जात नाही ना
अशी ताठ बसून राहिले.

पोस्टाची सहल. नोव्हेंबर.
चरावण्याला उतरल्यावर पोफळींच्या बागेतून पाट,
पाटाच्या कडेनं वाट, मग नुसतेच दगड,
मग वझर.
आणि त्याच्या पायाशी कोंड,
हिरवी, बशीपेक्षा खोल आणि विहिरीपेक्षा उथळ
असं सुलक्षा म्हणाली, जिला दोन्हींतलं काही माहीत नाही.

फेर्नांडिससाहेबांनी शर्ट काढला, छातीवर क्रूस केला, उडी मारली.
मिंगेल शिट्टी वाजवत त्यांच्यामागून.
मी काठावर सगळ्यांच्या चपला सांभाळत होते.
काचांवर तुषार बसले म्हणून चष्मा काढला,
ओढणीच्या टोकानं पुसायला घेतला,
आणि तो गेला.
टुप् असंसुद्धा वाजलं नाही.

एकतीस वर्षं मी पत्ते वाचत आले.
भिजलेले, फाटलेले, डॉक्टरांनी लिहिलेले.
आता समोर वझर होता
आणि मला धारा दिसेनात, शिंतोडे दिसेनात,
डोंगरावर कुणी पंचा वाळत घालून
विसरून गेल्यासारखं एवढंच पांढरं.

काठाला कोकमाचं सरबत विकणारी शालन गावस,
वय माझ्याएवढं, जास्तच असेल.
तिनं पैशांची पिशवी दगडाखाली ठेवली,
लुगडं वर खोचलं आणि पाण्यात गेली
जशी मी मागच्या खोलीत स्टॅम्प आणायला जाते.
पहिल्यांदा वर आली ती चमचा घेऊन.
दुसऱ्यांदा लहान मुलाची एक चप्पल.
तिसऱ्यांदा मूठभर वाळू,
ती तिनं माझ्यापुढे उघडून दाखवली,
हिशेब दाखवावा तशी.

"उदक देंवतकच मेळटलें," ती म्हणाली.
म्हणजे शिगम्याला.

मी मान हलवली आणि पलीकडे पाहिलं.
फेर्नांडिससाहेब एक गुलाबी ठिपका.
सुलक्षा पिवळा.
काठावरची कॉलेजची मुलं म्हणजे मोबाइलच्या उजेडाचं
थोडंसं लुकलुकणं.
ठिपक्यांना डोळे नसतात.
मी कमीज काढली. घडी घातली. सलवारही.

घोट्याला पाणी थंड होतं.
कमरेला आलं तेव्हा माझ्या तोंडून जो शब्द निघाला
तो मी पेन्शनच्या दिवशी, काउंटरवरसुद्धा,
कधी वापरला नव्हता.
बारके मासे टाचांच्या भेगा टोचत होते.
एका हाती दगड धरून पाठीवर पडले,
कान बुडाले,
आणि आतून वझर ऐकू आला:
शिक्क्यामागून शिक्का, शिक्क्यामागून शिक्का,
साहेब रजेवर असल्यासारखा,
कसलीच घाई नसलेला.

किती वेळ, कुणास ठाऊक. बोटं मनुकांसारखी झाली.

शालनकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे.
त्यात कोंडीतून निघालेलं सगळं:
पैंजण, गाडीची चावी, कानातलं यंत्र,
वरची कवळी. तिचा धनी अजून परत आलेला नाही,
हे सांगताना ती एवढी हसली
की तिला स्वतःचाच हात तोंडावर धरावा लागला.
त्यातून तिनं एक चष्मा काढला,
तपकिरी, पुरुषी, एक दांडी दोऱ्यानं बांधलेली.
"तुजो न्हय. पूण घरा पावशी मेरेन चलतलो."

तो लावून मी परत आले.
वाळपईचा रस्ता सगळीकडून उताराचा वाटला.
बसची पाटी वाचता आली नाही, तिकिटावरचे पैसे आले.
मिंगेलच्या गालावर तीळ आहे,
हे नऊ वर्षांत पहिल्यांदा दिसलं, आणि तो बहुधा नसावाच.

नवा चष्मा केलाय.
तपकिरी अजून टेबलाच्या खणात,
रबरबँड आणि लाखेच्या तुकड्यांबरोबर.
शिगम्याला परत करायचाय.
मधल्या वेळी, खिडकी बंद झाली की,
कधी कधी तो लावते
आणि समोरची रिकामी रांग जराशी हलते,
पाण्याखालून पाहिल्यासारखी.