अर्धी दाढी

डिचोलीत, बसस्टँडमागच्या पुतूच्या सलुनात
युद्धाची कॉमिक्स असत. कव्हरं गेलेली,
कडांना खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ.
नंबर आला तरी आम्ही म्हणायचो, "त्याला घे आधी",
कारण जखमी दोस्ताला पाठीवर घेऊन
एक शिपाई अजून चिखलातच असायचा.

"पुतू, तूपण होतास ना रे लढाईत?"
"होतो. केस कापायला."
आम्ही फिसकन हसलो.
वस्तरा चामड्यावर घासता घासता
कधी नव्हे तो बोलला:
पहाटे उमेदसिंग समोर बसलेला,
उजवा गाल झालेला,
तेवढ्यात शिटी.
"डावा आल्यावर," म्हणाला,
आणि फेसासकट हेल्मेट चढवून पळाला.

एवढंच.
"मान सकयल," मला म्हणाला.

त्या दिवशी शर्टात लपवून नेलेल्या अंकात,
पान तेहतीस:
गोळ्यांचा धडाड्धूम, अक्षरं चौकटीबाहेर गेलेली,
शिपायाच्या तोंडून फुगा, "पोचलोच, धीर धर!"
आणि पाठीवरच्या जखमीच्या डाव्या गालावर
कुणीतरी खडूनं काढलेला
पांढरा फेस,
बोटानं जरासा पसरलेला.

सकाळी सलून उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो.
अंक होता तिथं ठेवला,
खालून तिसरा.