समास

कोर्टनाक्यावर ताडपत्रीखाली बसून
मी अजून कागदाच्या डाव्या अंगाला
चार बोटं जागा सोडतो.
अशील कुरकुरतात, एवढा कागद वाया?
समास आहे तो, मी म्हणतो,
ताम्हाणे वकिलांचा.

केसरीनाथ ताम्हाणे. बेचाळीस साली
ह्याच रस्त्यापलीकडच्या तुरुंगात अठरा महिने.
कोळशानं भिंतीवर एक कविता लिहिली त्यांनी.
सुटले तोवर भिंतीला चुना लागला होता
आणि कविता खाडी ओलांडून गेली होती.
पंधरा ऑगस्टला पोरं ती म्हणायची
तिसऱ्या ओळीत एक मात्रा गिळून.
झेंड्याखाली उभ्या त्यांचे ओठ हलायचे,
नुसते,
ती मात्रा परत जागेवर ठेवत.

आम्ही विटाव्याचे, मिठागरातले.
संध्याकाळी कोर्ट सुटलं की ते पुलावरून चालत यायचे,
काळा कोट काखेत, खिशात खडू.
आमच्या टाचांना भेगा, भेगांत मीठ.
पाय पाण्याच्या घमेल्यात सोडून बसा, म्हणायचे,
झोंबणाऱ्या पायानं व्याकरण होत नाही.

मिठागर. विग्रह करा.
मिठाचे आगर. षष्ठी तत्पुरुष.
मीठभाकर?
मीठ आणि भाकर. द्वंद्व.
देशभक्त?
मी उठलो, घमेल्यातलं पाणी सांडलं.
देश आणि भक्त, सर. द्वंद्व.
वर्ग हसला. ते हसले नाहीत.
चूक आहे, हिराजी, बस.
मग कंदिलाची वात जरा खाली केली,
काही कारण नसताना.

फी म्हणून माझा बापूस
त्यांच्या ओट्यावर टोपलीभर मीठ ठेवून यायचा.
ताम्हाणेबाई म्हणायच्या,
एवढ्या सगळ्या मिठाला जागायचं म्हटलं
तर ह्या माणसानं झोपायचं कधी?

झोपले नाहीतच फारसे.
खाडीपल्याड नवं शहर वसणार म्हणून नोटिसा आल्या,
आगरं गेली, भातखाचरं गेली नकाशात,
तेव्हा मी त्यांच्याकडे टंकलेखक होतो.
वादी, त्यांनी सांगितलं, मी बडवलं:
एकशे चौदा खातेदार, राहणार खाडीकाठ.
प्रतिवादी: सरकार.
माझी बोटं थांबली.
लिही, ते म्हणाले,
आणि 'विरुद्ध' मधोमध, स्वतंत्र ओळीवर.

खिडकीतून तुरुंगाची भिंत दिसायची.
तिच्याकडे बघतच विचारलं,
हिराजी, त्या उत्तराला मी किती मार्क दिले होते रे?
शून्य, सर. दोनपैकी.
तांब्यातलं पाणी प्यायले.
पुढचा परिच्छेद सांगू लागले.

दावा तेरा वर्षं चालला.
त्याच काळात पेन्शनीचे अर्ज निघाले.
सदतीस जणांचे त्यांनी भरून दिले, फुकट,
स्वतःचा कोरा.
दोन सहबंद्यांचे दाखले हवे होते.
माझे साक्षीदार पुढे गेले, म्हणाले,
आणि पुरावा चुन्याखाली.
वकिलाला हरलेली केस कळते.

निकाल लागला तेव्हा ते नव्हते.
अर्धा जिंकलो, म्हणजे पैशात.
जिथे बापूस उन्हात मीठ ओढायचा
तिथे आता गाड्या उभ्या असतात, काचेच्या इमारतीखाली.

फायली बांधायला बाईंनी मला बोलावलं.
कच्च्या मसुद्यांच्या समासात, पेन्सिलीनं,
ओळीच ओळी. भाडेकरूच्या कैफियतीशेजारी भरती,
वाटणीपत्राशेजारी
एका मेलेल्या मित्राची शिट्टी.
कुठलीच पुरी केलेली नाही.
आमच्या दाव्याचा मसुदा उघडला.
त्याचा समास कोरा, वरपासून खालपर्यंत.
फक्त 'विरुद्ध'च्या शेजारी
बारीक, मास्तरी अक्षरात
१.

शेजारचा पोरगा म्हणतो,
काका, संगणकात समास आपोआप पडतो.
पडत असेल.
मी बोटं ठेवून मोजतो.